व्हॅन गॉगचा शाईतला पोस्टमन: रंगचित्राची नक्कल की स्वतंत्र चित्र?

टाकदौत: व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला जोसेफ रूलँचं शाईत व्यक्तिचित्र काढलं. ते आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. आठवडाभर ते मोठं करकरून बघतोय. रूलँ आर्लच्या रेल्वे स्टेशनात टपालाचं काम करायचा. त्याच उन्हाळ्यात व्हॅन गॉगने त्याला तैलरंगातही रंगवलं. तरी मला शाईतलाच जास्त जिवंत वाटतो. दाढी बघा. केसांच्या लाटा वळतात, एकमेकींवर चढतात, आणि गालाची कातडी मात्र बारीक रेघांवर भागवलीय. इतकं बोलकं मला रंगचित्रात दिसत नाही.

निळाई: अजिबात पटलं नाही. बोस्टनमधलं रंगचित्र बघा: गडद निळा गणवेश, पिवळी बटणं, मागे फिकट निळा. हा माणूस त्या निळ्यातच उभा राहतो. त्या जुलै-ऑगस्टात व्हॅन गॉगने आपल्या रंगचित्रांवरून ३२ रेखाटनं केली: चित्रकार मित्र बर्नारला १५, दुसरा चित्रकार मित्र रसेलला १२, भाऊ थिओला ५. सध्या काय करतोय ते कळवायला. पत्रासोबतच्या नकलेला मूळ चित्राच्या वर बसवू नका. शिवाय त्याच्या बऱ्याच शाया उडून तपकिरी झाल्यात. तुम्ही भाळताय तो तपकिरी रंग त्याने निवडलेलाच नसेल.

टाकदौत: शाई उडते, मान्य. पण रेघ उडत नाही. आणि कळवायलाच काढायचं असतं तर दाढीवर एवढा वेळ कशाला घालवला असता?

पुस्ती: मी बोरूने, म्हणजे काडी तासून केलेल्या लेखणीने लिहिते म्हणून सांगते. बोरूत शाई फार मावत नाही. दोन-चार रेघांत कोरडा पडतो, पुन्हा दौतीत बुडवावा लागतो. रेघ भरदार सुरू होते आणि सुकत संपते. व्हॅन गॉग आर्लजवळच्या पोकळ काड्यांचे बोरू स्वतः तासायचा. तेलाच्या कुंचल्याला जमतं तसं लांबलचक ओढणं इथे शक्यच नाही, म्हणून प्रत्येक केस वेगळा ठरवावा लागतो. नक्कल म्हणणाऱ्याने एकदा बोरू हातात धरावा. रंगचित्रातली दाढी आहे तशी उतरतच नाही, नवी शोधावी लागते.

निळाई: हे पटलं, हत्यार बदललं की चित्र बदलतं. नक्कल हा शब्द मागे घेते. पण "जास्त जिवंत" नाही मानणार. व्हॅन गॉगने त्याला सॉक्रेटिसच्या डोक्याचा म्हटलं होतं. शाईत तो सॉक्रेटिस दिसतो, कबूल. मला मात्र डिसेंबरात व्हॅन गॉग इस्पितळात असताना त्याच्याकडे धावणारा, पोराबाळांचा रूलँ हवा असतो. तो मला त्या निळ्या कोटातच भेटतो.

टाकदौत: मला तो डोळ्यांखालच्या त्या बारीक रेघांत भेटतो. आज रात्री दोन्ही शेजारी ठेवून परत बघतो.