टुकटुक करणारा पक्षी कोणता? आणि टेकडीसाठी काही करायचं असेल तर सुरुवात कुठून?

कोथरूडकर_आई: नमस्कार, आम्ही वर्षभरापूर्वी कोथरूडला राहायला आलो, वेताळ टेकडी जवळच आहे. माझी लेक चौथीत आहे, तिला पक्ष्यांचं फार वेड लागलंय. आमच्या सोसायटीच्या शिरीषावर एक पक्षी भर दुपारी टुक टुक टुक टुक करत बसतो, थांबतच नाही, पण दिसत काही नाही. कोणता असेल? आणि दुसरं म्हणजे नुसतं बघण्यापलीकडे टेकडीसाठी काही करायचंय आम्हाला, पावसाळ्यात झाडं लावायला जावं का? दुर्बीण वगैरे काही नाहीये आमच्याकडे.

टेकडीवाला: ताई तो तांबट! भांडं ठोकल्यासारखा आवाज म्हणून तांबट, लेकीला एकदा कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन जा म्हणजे नाव कुठून आलं ते कानानेच कळेल तिला. चिमणीएवढाच असतो, अंग हिरवं, कपाळ आणि छातीवर लाल, पानांत बसला की सापडत नाही. सकाळी निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर उन्हाला बसतो तेव्हा बघा. आणि एक महत्त्वाचं, तो वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो, त्यामुळे सोसायटीत कोणी "वाळलेल्या फांद्या छाटून टाकू" म्हणालं की आधी त्यात भोक आहे का ते बघायला लावा, आणि छाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते हेही सांगा. आमच्याकडे एका मीटिंगमध्ये एवढ्यावरच दोन फांद्या वाचल्या.

गवताची_काडी: झाडं लावण्याबद्दल थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. टेकडीवरचा मोकळा गवताळ भाग म्हणजे पडीक जागा नाही. चंडोल, टिटवी तिथे जमिनीवरच अंडी घालतात, तिथे खड्डे खणले की त्यांची जागाच गेली. आधीच पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची झाडं खूप आहेत, ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, त्याच्याखाली आपल्याकडचं फारसं काही वाढत नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात वणवे लागतात तेव्हा लक्ष ठेवायला आणि धूर दिसला की लगेच अग्निशमन दलाला, म्हणजे १०१ ला, फोन करायला माणसं हवी असतात. झाडं लावायचीच असतील तर आधी लावलेल्या देशी रोपांना मार्च ते मे पाणी घालणाऱ्यांत सामील व्हा, पावसाळ्यात सगळे येतात हो, एप्रिलमध्ये कॅन उचलायला कोणी नसतं.

टेकडीवाला: +१, अगदी खरंय. आणि लेकीसाठी: मर्लिन ॲप फुकट आहे, आवाजावरून नाव सुचवतं, पण डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय वहीत लिहायचं नाही असा नियम ठेवा. ठरलेली एकच वाट धरा, दर रविवारी तीच, जे दिसेल ते सगळं तारीख घालून लिहा, सातभाई, बुलबुलसुद्धा, आणि ती यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या वेबसाइटवर, टाका. टेकडीवर काय काय राहतं हे कोणी विचारलं तर दाखवायला अशाच नोंदी लागतात. पावसाच्या तोंडावर पावश्याचं "पेरते व्हा" ऐकू येईल, नवरंग पक्षी पण बघा. फोनवर आवाज लावून पक्षी बोलवू नका मात्र, विणीच्या काळात त्यांना फार त्रास होतो.

कोथरूडकर_आई: तांबटच! आज सकाळी साडेसातला दिसला, शेंड्यावर, लाल कपाळ लेकीनेच आधी पाहिलं. आता ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतोय ना, लेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, १२ तारखेपर्यंत रोज वही भरायची असं तिने ठरवलंय. गवताची_काडी, एप्रिलमध्ये पाणी घालायला कुठे यायचं ते मेसेज करा, आम्ही दोघी येतो.

गवताची_काडी: करते! पाच लिटरचे दोन कॅन आणा, लेकीसाठी एक लिटरची बाटली पुरे.