मदत हवी आहे: चिकटून वाळलेली कुस्ती मासिकांची पानं सोडवायची कशी?

'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड'चे नव्वदच्या दशकातले ११ अंक स्कॅन करायला घेतले आहेत. पावसाळ्यात कवेलू गळून पेटीत पाणी गेलं आणि ४ अंकांची मधली पानं एकमेकांना चिकटूनच वाळली. गुळगुळीत कागदावर लेप असतो, तो भिजून वाळला की गोंदासारखा धरतो. त्यात १९९१ चा, ५०० मल्लांच्या पहिल्या क्रमवारीचा अंक आहे. तो फाटला तर इकडे दारव्हा-दिग्रसकडे दुसरा मिळणं कठीण, म्हणून जोर लावायचा नाही.

गंजलेल्या पिना काढल्या आहेत. पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून कडेचे २ सेंमी सुटले, पुढे छपाई दुसऱ्या पानावर निघून येते. जाहिरातीच्या एका पानाला वाफ दिली तर लेपच सोलला. झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं, फरक नाही. (ओल्या अंकांना फ्रीजर उपयोगी, वाळलेल्यांना नाही, असं दिसतं.)

स्कॅनिंगची अडचण नाही. ६०० डीपीआय आणि डीस्क्रीन चालू ठेवून छपाईचे ठिपके नीट जातात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, बटर पेपर, टिपकागद आणि पॉलिस्टरचं कापड इथे मिळतं. अंक नागपूरला न्यायचीही तयारी आहे.

ज्यांनी असा लेपाचा कागद स्वतः सोडवला आहे त्यांनी सांगावं: पूर्ण गठ्ठा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पाण्याखालीच पानं वेगळी केली तर छपाई टिकते का, किती मिनिटं भिजवायचं, आणि वाळवताना मध्ये बटर पेपर घालायचा की पॉलिस्टर?