अटलांटा ते सव्हाना, १८६४: शर्मनच्या सैन्यातला साधा शिपाई कसा दाखवावा?

पडदा_वर
एकांकिका लिहितोय. अमेरिकन यादवी युद्ध, नोव्हेंबर-डिसेंबर १८६४, उत्तरेच्या जनरल शर्मनची जॉर्जियातली मोहीम. पात्रं दोनच: ओहायोच्या पलटणीतले दोन शिपाई, रात्रीचा मुक्काम. सध्याच्या खर्ड्यात दोघे उपाशीपोटी किडकी कडक बिस्किटं चावत बसलेत, एक जण बंदूक भरतो आणि दोघे गुलामगिरीच्या अंताबद्दल बोलतात. यात काय खटकतंय ते बिनधास्त सांगा.

काकवी_आणि_कॉफी
उपासमार खटकते. याच मोहिमेत शिपाई बहुधा सगळ्यात चांगलं जेवला. चार कोअर (सैन्याचे मोठे विभाग), साधारण ६२ हजार माणसं, समांतर रस्त्यांनी रोज सुमारे १५ मैल. कापणी नुकतीच झालेली, त्यामुळे रताळी, मका, डुक्कर, कोंबड्या, काकवी यांची चंगळ. गाड्यांतली बिस्किटं शक्यतो राखून ठेवायची. प्रत्येक ब्रिगेडची रसद गोळा करणारी टोळी सकाळी पायी निघायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घोड्यावर बसून, भरलेली बैलगाडी हाकत परतायची. ९ नोव्हेंबरच्या हुकुमात शिपायांनी घरात शिरू नये असं स्पष्ट लिहिलं होतं आणि गिरण्या-घरं जाळायचा अधिकार फक्त कोअर कमांडरला. हुकूम पाळला गेला का? सोयीनुसार. पण टोळीचं काम जिवावरचंही होतं; दक्षिणेच्या जनरल व्हीलरच्या घोडदळाच्या हाती लागलेले काही जण जागीच मारले गेले.

खरे हाल डिसेंबरात, सव्हानाच्या वेशीवर. तिथे दलदल आणि भातशेती. साळ होती, पण टरफल काढून तांदूळ करायचा कुणी? १३ डिसेंबरला सव्हानाजवळचा किल्ला फोर्ट मॅकअॅलिस्टर पडला, आरमाराशी संपर्क झाला, तेव्हा कुठे रसदीचा प्रश्न सुटला. म्हणजे उपास हवाच असेल तर तारीख ९ ते १३ डिसेंबरच्या मधली घ्या.

कॉफी मात्र दाखवाच. दाणे टिनच्या मगात टाकून बंदुकीच्या दस्त्याने ठेचायचे, त्यातच पाणी ओतून उकळायचं. आणि पाठीवर भली मोठी पिशवी नको. जुने शिपाई घोंगडीची वळकटी डाव्या खांद्यावरून तिरकी घालून उजव्या कमरेशी बांधत. तंबू म्हणजे प्रत्येकाकडे अर्धं कापड. दोघांची अर्धी बटणांनी जोडली की एक झाला. तुमची दोन पात्रं एकत्र का झोपतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

दारूगोळा_खाते
बंदुकीबद्दल. मुक्कामावर बंदुका तीन-चारच्या जुडीत एकमेकींना टेकवून उभ्या ठेवत; कुणी उगाच भरत बसत नसे. भरायचीच असेल (पहाऱ्यावर निघताना वगैरे) तर क्रम चुकवू नका. स्प्रिंगफील्ड १८६१, साधारण चार किलो वजन, तोंडाकडून भरायची. कागदी काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी अंगठ्याने तोंडाशी बसवायची, गज (ठासायची लांब सळई) काढून गोळी तळापर्यंत ठासायची, गज परत जागेवर. मग घोडा अर्धा ओढून निपलवर (मागच्या बारीक नळीवर) टोपी, म्हणजे घोडा आपटताच ठिणगी पाडणारी छोटी धातूची वाटी. टोपी शेवटीच. आधी टोपी आणि मग ठासणं हे रंगमंचावर सर्रास दिसतं. प्रत्यक्षात तसं करणाऱ्याचा हातच गेला असता.

चुका तीनच, पण नेहमीच्या. गज नळीतच विसरून बार उडवणं. टोपी न फुटल्याचं गोंगाटात लक्षात न येता वर दुसरं काडतूस ठासणं. आणि बऱ्याच बारांनंतर नळीत काजळी साचून गोळी अर्ध्यावर अडकणं. त्यावर उपाय म्हणजे पाणी घालून धुणं. काडतूस फाडून ओठ काळे होतात, तोंडाला कोरड पडते. पुडक्यात १० काडतुसं आणि टोप्या १२, कारण धांदलीत बोटांतून त्या हमखास निसटतात. कमरेच्या पेटीत ४० काडतुसं: वरची २० सुटी, खालची २० पुडक्यात. वरची संपली की टिनचा डबा उपसून खालचं पुडकं काढावं लागतं. नटाला याची तालीम द्या, छान दिसतं.

सतरावा_मैल
आता डोक्यातलं. हे बहुतेक ओहायो, इलिनॉय, इंडियानाकडचे, १८६१-६२ पासून लढलेले. आजारी आणि कच्चे लोक निघायच्या आधीच मागे पाठवले होते. अनेकांनी मुदत संपायच्या आधीच पुन्हा नाव नोंदवलं होतं: ४०० डॉलर, ३० दिवस रजा, बाहीवर पट्टी. पगार महिना १६ डॉलर, तोही थकलेला. संघराज्य टिकवायचं आणि घरी जायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत लिंकनला मोठा पाठिंबा होता, पण ओहायोच्या शिपायाला छावणीत मत देता आलं, इलिनॉयच्या आणि इंडियानाच्या नाही. महिनाभर टपाल बंद, त्यामुळे "घरून काही कळलं का?" हा संवाद काढून टाका.

गुलामगिरीवरचं त्यांचं मत एका साच्यातलं नव्हतं, म्हणून तुमची भाषणबाजी पटत नाही. कृष्णवर्णीयांबद्दल तुच्छतेने बोलणारा शिपाईच त्यांनी दाखवलेल्या वाटेने चालत होता, त्यांनी सांगितलेल्या जागी पुरलेलं धान्य उकरत होता. एकांकिका ९ डिसेंबरच्या रात्री ठेवा, १४ व्या कोअरमध्ये. त्या दिवशी एबेनेझर ओढ्यावर जनरल जेफरसन सी. डेव्हिसने (हा उत्तरेचाच, दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस वेगळा) सैन्य उतरताच तरता पूल काढून घेतला. मागून आलेली मुक्त माणसं पैलतीरी अडकली, पाठीवर व्हीलर. अनेकांनी पाण्यात उड्या घातल्या, कितीतरी बुडाले. काही शिपायांनी त्यांच्याकडे ओंडके लोटले. तुमच्या दोघांपैकी एकाने लोटलेत, दुसऱ्याने नाही, एवढंच पुरे.

पडदा_वर
मनापासून आभार, खर्डा मोडतोच. रेल्वेचे रूळ उखडणं संवादात आणायचंय. तापवून झाडाला गुंडाळत, एवढंच माहीत आहे.

दारूगोळा_खाते
अख्खी पलटण रुळाच्या एका बाजूला उभी राहायची आणि इशारा होताच सगळा सांगाडा एकदम उचलून उलटा करायची. स्लीपर सुटे करून त्यांची होळी, वर रूळ आडवे. मधला भाग लाल झाला की टोकं धरून झाडाभोवती. पण नुसता वाकवलेला रूळ पुन्हा सरळ करता येतो. म्हणून मुख्य अभियंता पो याने आकड्यांची अवजारं करून घेतली होती, त्यांनी तापलेला रूळ पिळायचा. पिळलेला रूळ गिरणीत नव्याने लाटल्याशिवाय कामाचा नाही, आणि दक्षिणेकडे तशा गिरण्या उरल्याच किती होत्या! कंटाळलेले शिपाई पिळायचं टाळून नुसतं वाकवत आणि अधिकारी त्यावर खेकसत. तुमच्या दोघांपैकी आळशी कोण, ते इथे ठरवता येईल.

काकवी_आणि_कॉफी
जाता जाता: रुळांबरोबर कापसाचे गठ्ठेही जळत होते आणि त्याच हंगामात मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा सट्टा जोरात होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि तिथेही अनेकांचं दिवाळं निघालं. एकांकिकेत घुसडू नका मात्र, त्या दोघांना याचा पत्ताही नव्हता.