मदत हवी आहे : कामिकात्सुला गाडीशिवाय कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, सध्या ओसाकात आहे. पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला तोकुशिमा प्रांतातलं कामिकात्सु दाखवायचंय. शिकोकू बेटावरचं डोंगरातलं चिमुकलं गाव, वस्ती दीड हजाराहूनही कमी, त्यातही निम्म्याहून जास्त म्हातारी माणसं. तिथे कचरागाडी फिरतच नाही. लोक कचरा धुऊन, वाळवून स्वतः केंद्रावर नेतात आणि ४०हून जास्त प्रकारांत वेगळा करतात. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी! (आमच्या सोसायटीत ओला-सुका म्हटलं तरी भांडणं.) २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. आईला मात्र कौतुक आहे ते पानं विकणाऱ्या आज्यांचं. १९८६पासून त्या मेपलची वगैरे पानं खुडून हॉटेलांना ताटाच्या सजावटीसाठी पाठवतात.

तर, तोकुशिमा शहरापर्यंत बसने जाऊ, पण पुढे डोंगरात कसं जायचं? आईचे गुडघे दुखतात, चढ फार आहे का? ती शुद्ध शाकाहारी, मासळीचा दाशीही (जपानी जेवणातलं सार) चालत नाही. त्या कचरा केंद्राजवळच्या हॉटेलात साबणसुद्धा लागेल तेवढाच कापून घ्यायचा असतो म्हणे. तिथे राहिलेल्या कोणी जेवणाचं काय केलं, प्लीज सांगा.