ईस्टरच्या सुट्टीतला युरोप: फोटोत न आलेलं सांगा (अनुभव धागा)

माझी मामेबहीण सप्टेंबरपासून डेल्फ्टला शिकतेय. परवा तिचा फोन आला, "दादा, सुट्टीत आम्ही पाच जणी निघतोय. नऊ दिवस, सहा शहरं. काही टिप्स?" यादी करायला बसलो आणि लक्षात आलं, की मला जे आठवतंय ते यादीत बसणारं नाही. प्रागचा चार्ल्स पूल आम्ही पाहिला, हे फोटो आहेत म्हणून खरं मानायचं. डोळ्यांसमोर येतं ते तिथलं फ्लोरेंकचं बसस्थानक.

2024चा ईस्टर 31 मार्चला होता. मी ड्रेस्डेनला होतो. चौघे मित्र प्रागला गेलो आणि परतीची बस पहाटे 3:05ची काढली, कारण तीच सगळ्यांत स्वस्त. त्या रात्रीचे हॉस्टेलचे पैसे वाचवायचे म्हणून एका पबात एकेक बिअर पुरवून पुरवून पीत बसलो. पावणेदोनला आमच्यातल्या एकाने मनगटावर बघून सांगितलं, "सव्वा तास आहे अजून, बसा." बसलो. मग मी फोन बघतो तर 3:00. एक एकोणसाठनंतर थेट तीन! मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात हे चौघांनाही माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं वेगळं. पळालो, पण पंचवीस मिनिटांचं अंतर पाच मिनिटांत कोण कापणार? दुसरी तिकिटं काढून सकाळी ड्रेस्डेनला पोचलो तर ईस्टरचा रविवार, दुकानं बंद. सोमवारीही बंद. घरात मीठ, तिखट आणि अर्धं पाकीट शेवया.

तर असलं लिहा. पैसे, कागदपत्रं, पोट, भांडणं. कुठे काय बघावं याची माहिती हवी तितकी मिळते, ती इथे नको.

पाऊसपाणी
मी लीड्सला होते, मैत्रिणी आखन आणि डेल्फ्टला. त्यांच्याकडे तिथली निवास-परवान्याची कार्डं, म्हणजे उठलं की शेंगेनमध्ये, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कुठेही. ब्रिटनच्या व्हिसावर मला समुद्रापलीकडे फ्रान्सच्या कॅले बंदरात पाऊल टाकायला वेगळा शेंगेन व्हिसा. 90 युरो फी, बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंटं, आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रोज रात्री बारानंतर संकेतस्थळ उघडून बसणं. व्हिसा हातात पडला निघायच्या दोन दिवस आधी.

पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या दारात पुन्हा तेच. 26 वर्षांखालच्या, युरोपीय संघात राहणाऱ्यांना प्रवेश फुकट. नागरिकत्व कुठलंही असो, तिथे राहत असल्याचं कार्ड दाखवायचं. (विद्यार्थ्यांनो, हे लक्षात ठेवा, व्हर्सायलाही चालतं.) तिघी फुकट गेल्या, मी 22 युरो मोजले. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण रात्री हिशोबाच्या ॲपमध्ये बघते तर माझं ते तिकीट चौघींत वाटून टाकलेलं. कुणी टाकलं ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

जुना खलाशी
तुमची बस चुकली, आमचं आकाशच बंद झालं होतं. एप्रिल 2010. मँचेस्टरहून आम्ही तिघे बार्सिलोनाला गेलेलो. 15 तारखेला आइसलंडमधल्या ज्वालामुखीची राख आली आणि ब्रिटनवरची उड्डाणं थांबली. आम्हाला वाटलं, उद्यापर्यंत उघडेल. दोन दिवस मजेत काढले. तिसऱ्या दिवशी खिशातले पैसे मोजले आणि मजा संपली. शिवाय माझा व्हिसा बावीस तारखेला संपत होता.

सांगलीला वडिलांना कॉलिंग कार्डावरून फोन लावला. त्यांचा प्रश्न असा, "ज्वालामुखी तिकडे वर, तू इकडे खाली, मग अडलंय कुठे? एस्टी नाही का तिकडे?" हसू आलं, पण उत्तर त्यातच होतं. बसच्या रांगेत पाच तास उभं राहून पॅरिसची तिकिटं मिळवली. रात्रभर बस, मग कॅलेपर्यंत आगगाडी, मग फेरी. बोटीवर अर्धा युरोप आमच्यासारखाच, न अंघोळलेला. डोव्हरला पाय ठेवला 20 तारखेच्या संध्याकाळी. त्याच रात्री विमानं सुरू झाली.

भाजणी
छोटंसं. लोणचं हे विमानतळाच्या लेखी द्रव आहे. हातातल्या सामानातली शंभर मिलीवरची बरणी बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात, हात जोडून काही होत नाही. आईने मुरवलेलं लिंबाचं लोणचं मी बोलोन्याच्या सुरक्षा तपासणीत माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना पाहिलं आहे. कोरडी चटणी जाते, मेतकूट जातं, भाजणी जाते. फक्त भाजणी नेताना पाकिटावर काहीतरी लिहा. मातकट रंगाची बिननावाची पूड बघून तिकडचे लोक वेगळाच विचार करतात.

रंकाळा
मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला शिकतो. 2025च्या ईस्टरला रूममेटने त्याच्या गावी नेलं. शनिवारी त्याची आजी टोपलीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज असं भरून चर्चमध्ये नेते, तिथे पाद्री त्यावर पाणी शिंपडतो, आणि मग रविवारी सकाळी ते सगळ्यांनी वाटून खायचं. नैवेद्यच की! आजीला पोलिशमध्ये ते सांगायला मला दहा मिनिटं लागली, तिला कळायला दोन सेकंद. सोमवारी सकाळी झोपेत तोंडावर गार पाणी. ईस्टरच्या सोमवारी तिथे एकमेकांना भिजवतात. मी आमच्या रंगपंचमीला जागून अंगणातली बादलीच उचलली. तिथली रीत कपभर पाण्याची असावी, कारण सगळे एकदम गप्प झाले. मग आजीच हसायला लागली.

पण सांगायचं होतं ते वॉर्साचं. परतताना दोन दिवस तिथे होतो. मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, त्याच्याजवळ एक स्मारक दिसलं. त्यावर कोल्हापूर! दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला होता, बहुतेक बायका आणि मुलं. 1943 ते 1948. हे शाळेत ऐकलं होतं, पण कानाआड गेलेलं. मिरजेच्या पॅसेंजरने जाताना वळिवडे स्टेशन किती वेळा ओलांडलं असेन, एकदाही मान वर करून बघितलं नाही. छावणी होती त्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. म्हणजे दर दिवाळीला आमचं अख्खं घर कपडे घ्यायला जातं ते!

रूममेटला हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने आजीला फोन लावला, आणि फोनवरून आजीने मला दोनदा 'कोलापुर' म्हणून दाखवायला लावलं.

खिडकीशेजारी
मी कार्ड विसरणारी. जर्मनीचं, तेव्हा 49 युरोंचं असलेलं, महिन्याचं तिकीट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं म्हणून 2024च्या मार्चमध्ये म्युनिकहून गेलो, पासपोर्ट घेतला, निवासाचं कार्ड खोलीवर. परतताना जर्मन सीमेवरच्या फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढले. फोनमधला फोटो चालत नाही. उतरवलं, सगळं तपासायला दोन तास. मैत्रिणी मात्र माझ्याबरोबर उतरल्या. तेव्हा फार भरून आलं होतं. आता वर्षातून किमान तीनदा ऐकवतात, त्याचं काय करायचं?

दिवाबत्ती
28 एप्रिल 2025, लिस्बन. सकाळी साडेअकराला वीज गेली. फक्त आमच्या हॉस्टेलची नाही, स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देशांची! मेट्रो बंद, सिग्नल बंद, कार्डाची यंत्रं बंद, थोड्या वेळाने फोनही मुका. ग्रुपमधली फ्रेंच, जर्मन मंडळी सैरभैर. आम्ही दोघे, मी परभणीचा आणि मित्र लातूरचा, लोडशेडिंगमध्ये दहावी केलेले. म्हटलं, येईल संध्याकाळपर्यंत. आणि खरी गंमत पुढे. नोटा फक्त आमच्याच दोघांकडे होत्या, कारण निघताना दोघांच्याही आयांनी "सुटे जवळ असू दे" म्हणून बजावलेलं. पंचावन्न युरोंत सात जणांचा पाव, चीज, पाणी आणि मेणबत्त्या. बेलें भागातून नदीकाठाने चालत शहराच्या मध्यात आलो. जागोजागी लोक उभ्या गाड्यांच्या रेडिओभोवती जमलेले. रात्री दिवे आले तेव्हा अख्खी गल्ली ओरडली. आम्हीही, सवयीने, "आली!"

अर्धी भाकरी
मी कुठेच गेले नाही, तेही चालेल का? पहिल्या वर्षी सुट्टीचे पंधरा दिवस एका गोदामात खोकी भरली. कर्जाचं व्याज सुरू होतं, बाबांना ते एकट्याने भरायला लागू नये एवढंच डोक्यात. मैत्रिणींना सांगितलं अभ्यास राहिलाय, घरी सांगितलं फिरायला जातेय. मैत्रिणींच्या ग्रुपवरचे फोटो आईला पुढे पाठवायचे. आईने एकदाच विचारलं, "सगळ्यांचे फोटो तूच काढतेस का गं?" मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

धागाकर्ता
अर्धी भाकरी, चालेल म्हणजे काय, याचसाठी धागा काढला.
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. सहाची चार शहरं झाली, आणि ती नोटा काढून आणणार आहे.
जाता जाता: त्या प्रागच्या दुसऱ्या बसचे माझे 18 युरो एकाकडून अजून यायचेत. तो इथे वाचत असतो.

मनगटी
वाचतोय. घड्याळ मी बघितलं हे खरं, पण तिसरी बिअर कुणी मागवली होती ते लिही की.