'जर्मलाइन' म्हणजे जंतू नव्हेत, आणि 'लिंगविशिष्ट' कोण?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. प्राण्यांच्या जर्मलाइनमधल्या छोट्या आरएनएंचं नियमन नर-मादीनुसार कसं बदलतं, असा विषय आहे. 'जर्मलाइन'ला कुणी 'जंतुरेषा' सुचवलं, वाचून फिनेलचा वास आला. 'जननरेषा' भूमितीतली वाटते. 'लिंगविशिष्ट नियमन' तरी चालेल ना?

– इथला 'जर्म' म्हणजे बीज, अंकुर. गव्हाचा असतो तसा. आणि 'लाइन' म्हणजे रेघ नव्हे, वंश. ज्या पेशींतून शेवटी शुक्रपेशी किंवा अंडपेशी निपजतात त्यांचा वंश. मी एकेका पेशीला 'बीजपेशी' आणि सगळ्या परंपरेला 'बीजवंश' लिहितो. 'जननपेशी' म्हटलं की वाचकाला तयार शुक्रपेशीच दिसते.

– लेखात पिवी-आरएनए, म्हणजे पिवी प्रथिनांना जोडून काम करणारे छोटे आरएनए, येणारच. इंग्रजी 'piRNA' बघून 'पायआरएनए' लिहू नका. मी एकदा लिहिलं, तर बाबांनी विचारलं, "हातांचा वेगळा असतो का?" पिवी हे फळमाशीच्या जनुकाचं नाव, 'पी-एलिमेंट इंड्यूस्ड विम्पी टेस्टिस'चं लघुरूप. मराठीत सांगायचं तर मरतुकडं वृषण! नाव वृषणावरून पडलं, पण जनुक बिघडलं तर अंडाशयाचेही हाल होतात.

– माझा आक्षेप 'लिंगविशिष्ट'ला. त्यातून 'एकाच लिंगात सापडणारं' असा अर्थ निघतो. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी घ्या. त्यातला उभयलिंगी प्राणी आधी तीनेकशे शुक्रपेशी बनवतो, मग त्याच बीजवंशातून अंडपेशी. पिवी-आरएनए दोन्ही टप्प्यांत असतात, पण त्यांतले काही शुक्रपेशींच्या वेळी भरात येतात, काही अंडपेशींच्या वेळी. शुक्रपेशींच्या टप्प्यातल्यांना एसएनपीसी-१.३ हे प्रथिन लागतं. अंडपेशींकडे वळताना ट्रा-१ हे दुसरं प्रथिन त्याचं जनुक दाबून टाकतं. प्राणी तोच, मग लिंग कुणाचं म्हणायचं? पेशीचं.

– प्रश्नकर्ती: म्हणजे 'नरात-मादीत' लिहिणंही चुकीचंच?

– या कृमीपुरतं हो. उंदराबद्दल लिहिताना चालतं, पण तिथेही जपून. उंदरात पिवी-जनुकं बिघडवली की नर वांझ होतो, मादी तरते, म्हणून 'हे नरांचं काम' असं धरून चालत होते. पण उंदराकडे पिवीएल३ हे जनुकच नाही. ज्याच्याकडे ते आहे त्या सोनेरी हॅमस्टरवर २०२१ मध्ये प्रयोग झाले, तर मादीचंही पिवी-आरएनएवाचून अडतं असं दिसलं.

– 'नर वांझ' खटकतं हो. आमच्याकडे गाय वांझ, बैल नाही. 'अफल' किंवा सरळ 'पिल्लं होत नाहीत' म्हणा.

– मान्य.

– प्रश्नकर्ती: मग असं? "बीजपेशी शुक्रपेशीकडे निघाली आहे की अंडपेशीकडे, त्यानुसार तिच्यातल्या लघु आरएनएंचं नियमन बदलतं." 'सूक्ष्म' मुद्दाम टाळलं, तो शब्द मायक्रोआरएनए या वेगळ्या प्रकारासाठी राखलाय.

– वाक्य उत्तम. शीर्षकात मात्र मावायचं नाही.