वकील न लावता ग्राहक आयोगात केस चालवता येते का?

सुईदोरा (तासगाव)

नमस्कार मंडळी. मी घरी ब्लाउज, पिको-फॉल आणि एम्ब्रॉयडरीची कामं करते. 14 महिन्यांपूर्वी सुरतच्या एका डीलरकडून कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरी मशीन मागवलं. 1,85,000 रुपये, त्यातले 1,20,000 बचत गटाच्या कर्जाचे. तिसऱ्या आठवड्यापासून मशीन मध्येच थांबतं, धागा तोडतं, आणि फ्रेम सरकून नक्षी अर्धा बोट बाजूला पडते. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, बोर्ड बदलला, पुन्हा तेच. लग्नसराईत एका नवरीचा ब्लाउज बिघडला, त्याचे पैसे मी पदरचे भरले.

इथल्या एका वकिलांनी 25,000 सांगितले, तारखेचे वेगळे. माझं शिक्षण बारावी. इंग्रजी अक्षर लावून वाचते, बोलता येत नाही. चार माणसांत उभी राहिले तर घसा सुकतो. स्वतः केस चालवलेलं कुणी इथे आहे का?

आणि डीलर शेवटच्या फोनवर म्हणाला, "तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्ट तुम्हाला दारात उभं करणार नाही." हे खरं आहे का?

गावचा पाव्हणा

ताई, सोडून द्या. चकरा मारून चपला झिजतील. माझ्या मेव्हण्याची केस अजून चालूच आहे.

निवृत्त चार्जमन

ताई, वरच्या पाव्हण्यांचं ऐकू नका, पण ते अगदीच खोटंही बोलत नाहीत. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये 33 वर्षं काढली. कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलो ते वयाच्या 61व्या वर्षी. मंडळींच्या ऑपरेशनचे 1,12,400 रुपये विमा कंपनीने "आजार आधीपासून होता" म्हणून नाकारले. वकील केला नाही, कारण मला चीड आली होती आणि वेळ होता.

आधी डीलरचं. तो अर्धंच सांगतोय. नफ्यासाठी, व्यापारासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक म्हणत नाहीत, हे बरोबर. पण 2019च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. म्हणून तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहा की मशीन मी स्वतः चालवते, कामाला माणसं नाहीत, घर यावरच चालतं. हे वाक्य राहिलं तर डीलरचा वकील पहिल्या दिवशी तेच धरून बसेल. बचत गटाचं कर्जाचं पत्र सोबत जोडा.

सुरतला जायचं नाही. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्हाला सांगली. 5 लाखांपर्यंत फी शून्य. मुदत 2 वर्षं, तुमच्या हातात साधारण 10 महिने आहेत. एक नोटीस पाठवा, पण नोटिशीवर नोटीस पाठवत बसू नका, त्याने मुदत वाढत नाही.

आता लिहायचं कसं. माझी पहिली तक्रार 14 पानांची होती. पोराने मोजलं, "अन्याय" हा शब्द 19 वेळा. मग मला डेपोतली लॉगशीट आठवली. ड्रायव्हरने "गाडी लई खराब" लिहिलं की मी कागद परत करायचो. कुठल्या किलोमीटरला, चढाला की उताराला, आवाज कुठून, ते लिही. तशी परत लिहायला बसलो आणि 4 पानं झाली. तुम्हीही तारखेने लिहा: अमुक दिवशी मशीन आलं, अमुक दिवशी फ्रेम सरकली, अमुक दिवशी माणूस आला, त्याने सर्व्हिसच्या कागदावर काय लिहिलं. नवरीच्या ब्लाउजचं एकच वाक्य, त्याच्यापुढे रक्कम. बिघडलेला ब्लाउज असेल तर जपून ठेवा.

पहिल्या तारखेची फजिती सांगतो. बाहेर बोर्ड लावलेला असतो, माझा नंबर 27. मी सकाळपासून पहिल्या बाकावर. पुकारा झाला तो कंपनीच्या नावाने, मला वाटलं दुसऱ्या कुणाचं. शेजारच्या बाईंनी कोपर मारलं तेव्हा उठलो. अध्यक्षांनी विचारलं, "वकील कोण?" मी म्हणालो, "मीच." लोक हसले. त्यांनी शांतपणे रोजनाम्यात लिहून घेतलं, "तक्रारदार स्वतः हजर". संपलं. दीड मिनिट. त्यासाठी मी दोन रात्री झोपलो नव्हतो. बोलणं फार लागतच नाही तिथे, कागदच बोलतो, आणि मराठी चालतं.

चूक माझी इथे झाली: मला वाटलं तक्रार दिली म्हणजे पुरावा दिला. तसं नसतं. पुराव्याचं शपथपत्र वेगळं द्यावं लागतं. ते नाही म्हणून एक तारीख फुकट गेली. पुढच्या वेळी दिलं, तर "जास्त पुरावा द्यायचा नाही" अशी पुरसिस हवी होती. पुरसिस म्हणजे आयोगाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि गंमत बघा, समोरच्या कंपनीच्याच वकीलबाईंनी बाहेरच्या कट्ट्यावर कागद घेऊन दोन ओळी कशा लिहायच्या ते दाखवलं, वर स्वतःचा स्टेपलर दिला. नंतर आत जाऊन माझ्याविरुद्ध वीस मिनिटं बोलल्या.

पण एक गोष्ट मी धरली. नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून कैफियत म्हणजे लेखी उत्तर द्यायला सामनेवाल्यांना (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना) 30 दिवस, आयोगाने दिले तर आणखी 15. त्यापुढे नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2020मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. कंपनीची कैफियत आली 61व्या दिवशी. मी पोस्टाच्या पोचीचा ट्रॅकिंग कागद काढून ठेवला होता. अर्जाला जोडला, हिशोब बोटावर मोजून लिहिला. कैफियत घेतली नाही. वकीलबाईंना तोंडी युक्तिवाद करू दिला, तो त्यांचा हक्क. पण आजार आधीपासून होता हे दाखवणारा एकही कागद त्यांच्या बाजूने रेकॉर्डवर आला नाही.

कायद्यात लिहिलंय 3 महिन्यांत निकाल. मला लागले 2 वर्षं 4 महिने. तेवढ्याची तयारी ठेवा. निकालानंतर अपिलाला 45 दिवस असतात आणि अपील करणाऱ्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कंपनीने 44व्या दिवशी चेक पाठवला.

काळा कोट

मी वकील आहे, तरी काकांनी सांगितलं ते बरोबर आहे. तीन गोष्टी जोडतो.

तुमची केस काकांच्या केसपेक्षा अवघड आहे. तिथे कंपनीला सिद्ध करायचं होतं, इथे मशीनमध्ये दोष आहे हे तुम्हाला दाखवायचंय. "मशीन नीट चालत नाही" एवढ्यावर तक्रारी फेटाळल्या जातात. ही मशिनं दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडून तपासून घ्या आणि त्याचं शपथपत्र लावा. आयोगही तपासणीला पाठवू शकतो, पण त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरायला सांगतात. डीलरबरोबर उत्पादक कंपनीलाही सामनेवाले करा, नाहीतर डीलर सगळं तिच्यावर ढकलेल.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि व्हिडिओ लावणार असाल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. त्याखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा. आयोग पुराव्याबाबत दिवाणी कोर्टाइतका ताठ नसतो, तरी द्या. मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका.

आणि 25,000 नसतील म्हणून एकटीने लढायलाच हवं असं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तासगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या. आमच्यातलेच काही जण हे पक्षकाराला सांगत नाहीत.

गावचा पाव्हणा

मेव्हण्याला विचारलं. तो दोन तारखांना गेलाच नव्हता म्हणतो. मला हे आधी सांगितलं नव्हतं बाबाने.

सुईदोरा (तासगाव)

सगळ्यांचे आभार. मोफत वकिलाचं ऐकून अर्धा जीव भांड्यात पडला. तरी तक्रार मीच लिहिणार, मशीनला काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? काल रात्री काकांच्या पद्धतीने तारखा मांडल्या. ऑर्डरच्या वहीत रोजचं काम लिहिते, तिथेच सापडलं: 9 महिन्यांत 41 दिवस मशीन बंद. मलाच माहीत नव्हतं. ही वही पुराव्यात चालते का? आणि झेरॉक्स किती काढू?

निवृत्त चार्जमन

वही? अहो ताई, माझ्याकडे अशी वही असती तर! त्या पानांच्या झेरॉक्स लावा, मूळ वही तारखेला बरोबर न्या, हातची सोडू नका. सगळ्या कागदांना पान नंबर घाला आणि वर यादी लावा, नाहीतर ऑफिसात त्रुटी काढून परत देतात, माझं तसंच झालं. आयोगाला तीन संच, डीलरला एक, कंपनीला एक, तुमचा एक. सहा. आणि स्टेपलर घरून न्या.